मदत हवी आहे: लेक तीसपर्यंत म्हणते, पण सात बटणं किती ते सांगता येत नाही (घरीच शिकवणं, घरचंच साहित्य)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

लेकीला चार पूर्ण झालीत, धाकटा सव्वादोन वर्षांचा आहे. निदान सहा वर्षांची होईपर्यंत तिला घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी नीट विचार करून ठरवलंय, त्यामुळे ते बरोबर की चूक यावर इथे चर्चा नको. मदत हवीये ती रोजच्या कामात. नवरा संध्याकाळी आला की धाकट्याला सांभाळतो, तोवर दिवसभर मी एकटीच असते.

विकतचं काही आणायचं नाही, जे घरात आहे त्यातून बनवायचं आणि बाकी नेटवर फुकट मिळतं त्यावर भागवायचं असं ठरवलं होतं आणि ते मी मनापासून करतेय. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर अक्षरं काढून त्यावर गोंद आणि बारीक वाळू लावली, म्हणजे बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं. आकड्यांची कार्डं केली, रंग जुळवायला बाटल्यांची झाकणं जमवली, चिमटे लावायच्या पट्ट्या केल्या. मुलं झोपली की रात्री साडेअकरापर्यंत माझी कापाकापी चालते. आणि एवढं करून सकाळी ती त्या वस्तूशी दोन मिनिटं खेळते आणि उठून जाते. वाळूच्या अक्षरांवर मी सलग चार रात्री घालवल्या होत्या, तिने 'क' वर एकदा बोट फिरवलं, "टोचतंय" म्हणाली आणि विषय संपला. त्या दिवशी मला रडूच आलं.

पण खरी काळजी वेगळीच आहे. ती एक ते तीस घडाघडा म्हणते, फक्त अठ्ठावीसच्या पुढे "नववीस" म्हणते ते सोडा. परवा मी सात बटणं ओळीत मांडली आणि मोज म्हटलं. तिने एकेका बटणावर बोट ठेवून एक दोन तीन करत बरोबर सातपर्यंत मोजलं. मी विचारलं, मग किती बटणं आहेत? तर तिने परत पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पुन्हा विचारलं, किती? परत एक, दोन, तीन... तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली "दहा". मग मी बटणं जरा लांब लांब पसरवली तर म्हणते आता जास्त झाली. म्हणजे इतके महिने मी जे शिकवत होते ते नुसतं गाणं पाठ झाल्यासारखं झालं का? माझ्या शिकवण्यात काय चुकतंय? आणि धाकटा मधे येऊन सगळं उधळतो तेव्हा दोघांना एकत्र कसं सांभाळता तुम्ही? फुकटच्या वर्कशीटचं म्हणाल तर एवढं डाउनलोड करून ठेवलंय की फोल्डर उघडला की काय निवडावं तेच कळत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

मोजपट्टी:
ताई, आधी एक मोठा श्वास घ्या. तुमच्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलंय, हे जे तुम्ही लिहिलंय ना बटणांचं, ते मी इतक्या मुलांमध्ये पाहिलंय की वाचताना ती मुलं डोळ्यांपुढे आली.

मोजणं ही एक गोष्ट नाहीये, त्यात बऱ्याच गोष्टी गुंफलेल्या असतात. १९७८ मध्ये रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या संशोधकांनी मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. आकडे ठरलेल्या क्रमानेच म्हणायचे, एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, आणि शेवटी जो आकडा आला तोच "एकूण किती" याचं उत्तर. उरलेली दोन म्हणजे मोजायला काहीही चालतं, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. तुमच्या लेकीला पहिली दोन येतात! बोट ठेवून सातपर्यंत न चुकता जाणं ही लहान गोष्ट नाही. तिसरं अजून बसायचंय, म्हणून "किती" म्हटलं की तिला वाटतं आई परत मोजायला सांगतेय. हे चौथ्या वर्षाच्या आसपास हळूहळू बसतं, कुणाला आधी कुणाला नंतर. पसरवल्यावर जास्त वाटणं हे तर या वयात अगदी ठरलेलं, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी ते फार पूर्वीच दाखवून ठेवलंय.

आता करायचं काय. सात सोडा, दोन-तीनवर या. आणि "किती आहेत" विचारण्याऐवजी "मला तीन दे" असं मागा. मागितल्यावर मूठभर उचलून दिलं तर समजायचं तीन अजून पक्कं नाही, ओरडायचं नाही, सोबत मोजायचं आणि शेवटच्या आकड्यावर हात फिरवून म्हणायचं "एक, दोन, तीन... तीन मोजे!" तो शेवटचा आकडा वस्तूच्या नावासकट परत म्हणायचा, हे महत्त्वाचं.

दुसरं, एक खेळ सांगते, पुठ्ठ्याची एक पट्टी लागते बस. एका ओळीत दहा चौकोन, डावीकडून उजवीकडे १ ते १०. गोल पुठ्ठ्याचा भोवरा, अर्ध्यावर १ आणि अर्ध्यावर २. सोंगटी तीनवर आहे आणि दोन पडले तर मुलाने "एक, दोन" म्हणत पुढे जायचं नाही, "चार, पाच" असं म्हणायचं. सगळी मेख त्यातच आहे. गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये हाच खेळ शाळेआधीच्या वयाच्या मुलांबरोबर खेळून पाहिला, दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे चारच डाव, आणि मुलांची आकड्यांची समज वाढलेली दिसली, नऊ आठवड्यांनीही टिकलेली होती. आकड्यांऐवजी नुसते रंगांचे चौकोन होते त्या मुलांना तो फायदा झाला नाही.

आणि "नववीस" बद्दल, मला तर ते फार आवडलं :) तिने स्वतः नियम शोधलाय. आपले मराठी आकडेच तसे आहेत, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, ते लहान मुलाला कसं कळावं. पुढे पंचवीस लिहायला सांगितलं की ५२ लिहिणारी मुलं भरपूर भेटतात कारण पाच आधी ऐकू येतो. आत्ता दहाच्या पुढे जायची घाई करूच नका.

खोकीवाला बाबा:
वरचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. माझी दोन्ही मुलं घरीच शिकली म्हणून माझे दोन पैसे.

सगळ्यात आधी ती बटणं उचला!! सव्वादोन वर्षांचं पोर घरात असताना बटणं आणि बाटल्यांची झाकणं खाली नकोत. कागदी रोल संपल्यावर आतली पुठ्ठ्याची नळी उरते ना, टॉयलेट पेपरची, त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही असा साधा नियम घरात ठेवा. मोजायला मोजे घ्या, चमचे घ्या, पुस्तकं घ्या. आणि खेळण्यांत गोल चपटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद आहे ना बघा.

दुसरं म्हणजे रात्रीची कापाकापी बंद करा. मुलांसाठी कमीच बरं पडतं, हे मी नुसतं म्हणत नाहीये, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या लोकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन बघितलं आणि एकदा १६ देऊन, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडे एका वेळी शेल्फवर पाच-सहा वस्तू, बाकी पेटीत, आठवड्या-दोन आठवड्यांनी अदलाबदल. पेटीतून परत आलेली वस्तू नवीन असल्यासारखी उचलतात.

धाकट्याला हाकलू नका, त्याला त्याच कामातलं त्याचं काम द्या. ती मोजे मोजतेय तर त्याने ते टोपलीत टाकायचे. टाकून झाले की परत ओतायचे. तो खूश, ती खूश. आणि जे खरंच त्याच्यापासून वाचवायचंय ते जेवणाच्या टेबलावर किंवा तो झोपल्यावर.

एक वाचक:
मीपण याच परिस्थितीत आहे, फॉलो करतेय. लेक साडेतीनची.

धागाकर्ती:
काय बोलू, वाचून डोळे भरून आले. बटणं लगेच वरच्या कपाटात गेली, हे मला सुचायला हवं होतं. अक्षरांचं कुणी सांगेल का? वाळूवाली अक्षरं वाया गेली का? आणि मराठीत फुकट वाचायला चांगलं काय मिळतं?

वेलांटी:
वाया कशाला जातील! माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला मुलांसाठी पहिलं घर सुरू केलं तेव्हा त्यांनीही कागद आणि पॉलिश पेपर कापूनच अक्षरं केली होती, तुम्ही त्याच वाटेवर आहात. फक्त वाळू फार जाड लागली असेल, "टोचतंय" म्हणाली म्हणजे खरंच टोचलं असेल. वरून हलकेच घासून घ्या नाहीतर बारीक पॉलिश पेपर वापरा. आणि एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरं काढा, सगळी बाराखडी समोर नको.

अक्षराच्या आधी आवाज. हे मला फार उशिरा कळलं म्हणून जोर देऊन सांगते. काम करता करता खेळायचं, "मला एक वस्तू दिसतेय, 'प' ने सुरू होते." पडदा, पंखा, पाणी, जे म्हणेल ते. तयारी शून्य. आधी दोनच वस्तू समोर ठेवून, मग पूर्ण खोली. पहिला आवाज पक्का झाला की मग शेवटचा आवाज विचारायचा. 'च' आणि 'ज' मात्र नंतर, कारण चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळा ऐकू येतो आणि अक्षर एकच.

लिहायला अ आ इ ने सुरुवात करण्यापेक्षा ग म भ न बरं, वळणं सारखी आहेत, हात बसतो. आणि चार अक्षरं आली की लगेच "मन", "नग" असे शब्द होतात, मुलाला वाचल्याचा आनंद मिळतो. पहिली वेलांटी सावकाश घ्या, ती लिहायची आधी आणि ऐकू येते नंतर, माझा मुलगा "किती" ला बराच काळ वेलांटी क नंतर काढायचा.

वाचायला 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, वाचनाच्या चार पातळ्या आहेत त्यातली पहिली घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे डाउनलोड करा, छापा, शब्द बदलून स्वतःची आवृत्ती करा, सगळं चालतं. मी छापून मधे दोऱ्याने शिवते. खान अकॅडमी किड्स हे अ‍ॅपही फुकट आणि बिनजाहिरातीचं आहे, पण ते मराठीत नाही आणि शेवटी स्क्रीनच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात स्क्रीन एक तासाच्या आत, कमी असेल तितकं बरं, आणि हालचाल मात्र किमान तीन तास. त्यामुळे उड्या मारत अक्षर ओळखणं वर्कशीटपेक्षा कधीही चांगलं. तो फोल्डर सरळ बंद ठेवा.

धागाकर्ती (बारा दिवसांनी):
अपडेट द्यायला आले. पट्टीचा खेळ केला, अर्धा तास लागला बनवायला, एवढ्यात झालं. सुरुवातीला ती "एक, दोन" म्हणूनच पुढे जायची, मग मी माझ्या पाळीला मुद्दाम मोठ्याने "पाच, सहा" म्हणत गेले आणि तिसऱ्या दिवशी ती आपोआप तसं म्हणायला लागली. धाकटा भोवरा फिरवतो, ते त्याचं काम.

काल वाळलेले कपडे घडी करताना मी म्हटलं मला चार मोजे दे. तिने मूठभर उचलले, थांबली, जमिनीवर एकेक मांडले, चारवर थांबली आणि उरलेला एक परत टोपलीत टाकला. मी काही बोलले नाही. "चार आहेत," म्हणाली, परत न मोजता. सहा मागितले तर अजून गोंधळते, पण चार पक्कं झालंय.

मोजपट्टीताई, आता पुढे एकेकच वाढवत जाऊ ना? आणि पट्टी दहाच्या पुढे कधी न्यायची तेही सांगा.