रत्नागिरीतला शेवटचा दिवस: आंबे, मासे, आगळ आणि परतीची गाडी

परतीची गाडी संध्याकाळची आणि खोली मात्र सकाळी दहालाच सोडायची, असा दिवस बहुतेकांच्या वाट्याला येतो. काय कधी घ्यावं, कसं बांधावं, स्टेशन कधी गाठावं? सहलीचं वर्णन नको, कामाचं लिहा, असं विचारलं; खाली एकेकाची उत्तरं.

*

सामान लॉजवरच ठेवा, सहसा कोणी नाही म्हणत नाही. सोमवार असेल तर थिबा राजवाडा आदल्या दिवशीच उरका, सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. रत्नदुर्ग किल्ल्यावर दुपारी सावली नाही, सकाळीच जा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर (१९३१) गावातच आहेत. भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र आज पाण्यात उतरू नका. ओले कपडे बॅगेत जातात आणि खाऱ्या वाळूने चेन धरते.

*

आंब्याची पेटी शेवटी, पण घाईत नको. त्याच पेटीत चार डझन बसले तर फळ मोठं, सहा बसले तर लहान. म्हणून भावाआधी डझन विचारा. वरचा थर बघून पैसे देऊ नका, खालची दोन फळं काढायला लावा. देठ तुटलेलं नको: चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. प्रवासाला कडक पण जून (पूर्ण वाढलेलं) फळ हवं, देठाजवळचे खांदे भरलेले. कोवळं पिकत नाही, सुरकुततं. घरी पेंढ्यात एकेरी थर लावा, आठ-दहा दिवस लागतील; पिकण्याआधी फ्रीज नको. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) बाहेरून कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. तो मोठ्या, झाडावर जास्त राहिलेल्या फळात अधिक निघतो, तेव्हा सगळ्यांत मोठ्या फळाचा हट्ट कशाला? आणि पेटी उन्हातल्या डिकीत ठेवू नका.

*

मासे मिरकरवाडा बंदरावरून, सकाळीच. पावसाळी बंदीत (१ जून ते ३१ जुलै) यांत्रिक होड्या बाहेर जात नाहीत, तेव्हाची ‘ताजी’ सुरमई बर्फातली समजा. पोट साफ करून अख्खाच न्या; तुकडे केले तर बर्फाचं पाणी मांसात शिरतं, चव जाते. किलोला किलोभर बर्फाचा चुरा, थर्माकोलच्या खोक्यात खाली-वर. बांगडा लवकर नरम पडतो, तो इथेच खाऊन घ्या.

*

वरच्या माशांच्या सल्ल्याला पुरवणी: रेल्वेत खोकं गळलं तर अख्खा डबा ऐकवतो. त्यापेक्षा सोडे (सुकवलेली कोलंबी) नाहीतर सुके बोंबील. दाबून ओलसर लागले तर सोडून द्या, बुरशी धरतात. दोन पिशव्या, मधे वर्तमानपत्र.

*

आगळ आणि कोकम सरबत यांत गल्लत नको. आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, सोलकढीसाठी. सरबताच्या अर्कात साखर. आगळ पत्र्याच्या झाकणाला खातं, प्लास्टिकच्या झाकणाची बाटली मागा. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा आणि बाटली उभीच ठेवा. फणसपोळी घ्यायची तर दुमडून बघा, तडकली तर जुनी.

*

स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला सात-आठ किलोमीटरवर आहे. पेट्या असतील तर रिक्षा आधीच ठरवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. तिकीट जुनं काढलेलं असेल तर वेळ पुन्हा तपासा. रस्त्याने कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी हातखंब्याहून पाली, साखरपा, आंबा घाट धरावा. पाऊस जोरात असेल तर घाट उजेडातच ओलांडा, दरडी आणि धुकं दोन्ही असतं.