करंटच्या झुडपाला मराठीत काय म्हणायचं?

शाहूपुरी: माझी बहीण स्कॉटलंडला असते. परसात तिनं ब्लॅककरंटची, म्हणजे बारीक काळी फळं येणाऱ्या करंटची, चार झुडपं लावलीत. ती कशी लावली, कधी छाटली, हे तिनं इंग्रजीत लिहून पाठवलं आणि कॉलनीच्या स्मरणिकेसाठी मी ते मराठीत केलं. करंटला 'काळी मनुका' लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "मनुका झाडाला लागत्यात व्हय?" मग संपादक काकांनी सगळीकडं 'करवंद' केलं. आता वाक्य झालंय, 'करवंदाला हिवाळाभर कडाक्याची थंडी लागते.' जोतिबाच्या डोंगरावर मे महिन्यात करवंदं तोडलेला माणूस काय म्हणेल? सोमवारी छपाई आहे. शब्द सुचवा.

जुनीपेठ: आईंचं बरोबर आहे. मनुका वाळवलेली असते. घोटाळा मुळात इंग्रजीतला. ग्रीसमधल्या कॉरिंथ गावावरून तिकडच्या बारीक काळ्या मनुकांना 'करंट' म्हणू लागले, पुढं तशाच दिसणाऱ्या या झुडपाच्या फळालाही तेच नाव पडलं. द्राक्षाशी त्याचं कूळ जुळत नाही. त्यांची चूक आपण का उचलायची?

द्राक्षबाग: मी तासगावचा. आमच्यात बिनबियांचा तो बेदाणा, बियांची ती मनुका. बेदाणा म्हणजेच बे-दाणा, बिन दाण्याचा. करंटच्या फळात बारीक बिया असतात, म्हणून बेदाणाही चालणार नाही.

पन्हाळवाट: काकांना अगदीच चूक ठरवू नका. करवंदाला इंग्रजीत 'बेंगॉल करंट' म्हणतात, कोशातून ते उलटे आले असतील. पण करवंदाला काटे, चीक, बारमाही पाला. ब्लॅककरंटला यातलं काहीच नाही, थंडीत पानंही झडतात.

जुनीपेठ: मग 'हिमकरवंद' करा. करवंद संस्कृत 'करमर्द'वरून आलेला, आपल्या मातीतला शब्द. त्याला 'हिम' जोडलं की अर्थ आपोआप कळतो.

मंगळवारपेठ: कोण म्हणतं हिमकरवंद? स्ट्रॉबेरीला आपण स्ट्रॉबेरीच म्हणतो, महाबळेश्वरचा शेतकरीही तेच म्हणतो. पोरं ब्लॅककरंटचं आइस्क्रीम मागून खातात. रूढ आहे ते लिहा.

जुनीपेठ: आइस्क्रीमचा स्वाद रूढ झाला, झाड नाही. इथं करंट म्हणजे वीज. "मोटरीला करंट उतरलाय" हे गावोगाव ऐकाल. आणि अनेकवचन करून पाहा. 'करंटे लागले' म्हटलं की कपाळकरंटेच आठवतात. दारच्या फळझाडाला असलं नाव मला सहन होत नाही.

मंगळवारपेठ: अनेकवचन करायचंच कशाला? 'करंटची फळं' लिहा. भाषा बोलणाऱ्यांची असते, कोशकारांची नव्हे.

शाहूपुरी: आणखी एक अडलंय. ब्लॅककरंटला फळ येतं ते मुख्यतः आदल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर, म्हणून बहीण दर हिवाळ्यात जुन्यातल्या साधारण एक तृतीयांश फांद्या बुडातून काढते. लाल करंटचं उलटं, तो जुन्यावर धरतो. तिच्या इंग्रजीत आहे 'जुनं लाकूड'. मराठीत ते जळणासारखं वाटतं.

द्राक्षबाग: काडी! आम्ही बागेत दुसरा शब्द वापरतच नाही. 'गेल्या वर्षीची काडी', 'जुनी काडी', 'काडी पिकली'. बुडातून येतात ते फुटवे. ब्लॅककरंटचं रोप मूळच्यापेक्षा थोडं खोल लावतात ना?

शाहूपुरी: हो, चार-पाच सेंटीमीटर. म्हणजे जमिनीखालून भरपूर फुटवे येतात. 'काडी' आजच घालते. आणि झाडाचं नाव?

पन्हाळवाट: नाव ठरेल. पण इथं कुणी ब्लॅककरंट लावायच्या फंदात पडू नये हे लेखात ठळक लिहा. त्याला शेकडो तास सात अंशांखालचा गारवा लागतो, कोल्हापुरात कुठला? त्यापेक्षा कुंपणाला करवंद लावा. ताजं बी रुजतं, काट्यांमुळं गुरं आत येत नाहीत, कच्च्याचं लोणचं होतं. लहानपणी आम्ही पिकलं करवंद दातानं फोडून बघायचो, आतून लाल तो कोंबडा, पांढरी ती कोंबडी.

मंगळवारपेठ: आमच्या आजोळी, गगनबावड्याकडं, लाल ती कोंबडी.

पन्हाळवाट: शक्यच नाही. तुरा लाल असतो, म्हणून कोंबडा.

द्राक्षबाग: कोंबडीलाही तुरा असतो की, बारका. आमच्यातही लाल म्हणजे कोंबडाच, पण आजी म्हणायची ते आधी ओळखून सांगायचं आणि मग फोडायचं. फोडून बघितल्यावर कोण सांगणार नाही?