सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर सीरियल पोर्टच

जुन्या फ्लॉपीवरच्या फाइली लॅपटॉपवर आणायला सुचवला जाणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपीसाठी ठीक आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी मात्र त्यात शिरणारच नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी वडिलांचा २८६ (इंटेल ८०२८६ प्रोसेसरचा जुना) संगणक सुरू करताना मी म्हणूनच सीरियल पोर्टचा (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीचा) मार्ग धरला. वीज जोडण्याआधी मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी अवश्य काढावी, कारण तिच्यातून पाझरलेला क्षार तांब्याच्या रेषा खातो. आमच्याकडे कीबोर्डच्या सॉकेटजवळ हिरवट थर जमलेलाच होता, तो पातळ व्हिनेगरने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पुढे नल-मोडेम केबल, म्हणजे जिच्यात पाठवण्याची व घेण्याची तार एकमेकींत उलटवलेली असते ती, लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अडॅप्टरने जोडली आणि दोन्हीकडे कर्मिट (फाइली पाठवणारे सॉफ्टवेअर) चालवले (जुन्या हार्डडिस्कवर ते आधीच होते, हे नशीब). ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट; एका बाइटमागे सुरुवात-शेवटाच्या बिटांसह दहा) सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जातात, त्यामुळे १.२ मेगाबाइटची भरलेली फ्लॉपी निदान एकवीस मिनिटे घेते. फाइल पोहोचली तरी जिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठी संगणकात बसवायचे कार्ड) लिहिलेली मराठी पत्रे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतनात असतात. युनिकोडमध्ये बदलेपर्यंत पडद्यावर नुसती चिन्हेच दिसतात.