मदत हवी आहे: कायरल रेणूंचा आर/एस आणि प्लस/मायनस, संबंध काय?

नमस्कार मंडळी, भाचीला बारावीचं केमिस्ट्री शिकवतेय आणि एका ठिकाणी दोघीही अडकलोय. कार्व्होन नावाचा रेणू आहे, त्याचं एक रूप पुदिन्यात आणि त्याची आरशातली प्रतिमा बाळंतशोपात, अणू तेच, जोडणीही तीच, फक्त डावा-उजवा हात जसे एकमेकांवर बसत नाहीत तसे हे दोन बसत नाहीत (अशा रेणूंना कायरल म्हणतात), आणि तेवढ्यानं वास बदलतो कारण आपल्या नाकातले वास ओळखणारे रिसेप्टरसुद्धा कायरल असतात. फार भारी वाटलं हे आम्हाला.

आता प्रश्न. पुदिन्यातलं कार्व्होन आर, म्हणजे कायरल कार्बनला जोडलेल्या चार गटांपैकी सगळ्यात खालच्या क्रमाचा गट मागे ठेवला की बाकीचे तीन क्रमाने घड्याळाच्या दिशेने जातात, पण पोलराइज्ड लाइट (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) ते वळवतं डावीकडे, म्हणजे मायनस. मग रचना बघून चिन्ह सांगताच येत नाही का? पोलरिमीटरवरच (हे वळणं मोजणारं यंत्र) मोजायचं?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. शास्त्रज्ञ पाश्चरने १८४८ मध्ये टार्टरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक वेगळे केले, पण कुठला रेणू खरोखर कुठल्या हाताचा हे बायफूट या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये टार्टरिक अ‍ॅसिडच्याच दुसऱ्या एका क्षारावर एक्स-रे वापरून दाखवलं, तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ फिशरने धरलेला अंदाजच चालत होता आणि तो बरोबर निघाला!! एरवी एक्स-रेला दोन्ही प्रतिमा सारख्याच दिसतात ना, मग बायफूटच्या क्षारात रुबिडियम हा धातू असल्याने नेमका काय फरक पडला? गणित कमी आणि चित्र जास्त असं कोणी समजावेल का प्लीज, भाचीला पण वाचून दाखवणार आहे.