लॅब्रेडोर की कारवान? घरात कोण नीट नांदेल – अनुभव धागा

हिरवी चौकट
टपालतिकिटांची जुनी वही चाळताना २००५ चं मुधोळ हाऊंडचं, म्हणजे आपल्या शिकारी कारवानचंच, तिकीट हाती लागलं आणि तो उंच, लांब तोंडाचा कुत्रा परत डोळ्यांसमोर आला. हल्ली घर बांधून झालं की हमखास विचारतात, लॅब घ्यावा की कारवान? ज्यांनी दोन्ही सांभाळलेत त्यांनी सविस्तर लिहा.
सुरुवात मी करते. लॅबचा नर ५६-५७ सेंमी उंच, वजन २९ ते ३६ किलो. कारवान त्याहून दहा-पंधरा सेंमी उंच आणि तरी वजनाला हलका. लॅबला दिवसभर माणूस लागतं, कारवानला जागा आणि भक्कम कुंपण. म्हणून आधी घर बघा: भिंत किती उंच, फरशी कसली, दुपारी घरी कोण असतं.

जतचा वारा
कुंपणाचं मी सांगतो. पाच फुटी भिंत जवान कारवान सहज ओलांडतो. सहा फूट भिंत आणि वर जाळी हवीच. भिंतीला लागून पिंप, सरपण, विटांचा ढीग ठेवला की त्याला आयती पायरी मिळते. फाटकाला वर-खाली दोन कड्या.
पट्टा साधा नको. याची मान डोक्याएवढीच जाड, त्यामुळे मागे सरकला की पट्टा कानांवरून निघून येतो. दीड-दोन इंच रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, ओढ बसली की तो आवळतो. पूर्ण आवळल्यावर आत दोन बोटं जातील इतपतच ठेवा.
रस्त्यावर कधीही मोकळा सोडू नका. मांजर पळताना दिसलं की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

चहाआधी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लॅबचे केस!! दुहेरी अंगरखा असतो, आतली लव वर्षभर गळते. आठवड्यातून तीनदा ब्रश. उन्हाळ्यात मशीन लावून केस उतरवू नका, उन्हापासून तेच वाचवतात. कारवानला ओल्या फडक्यानं पुसलं तरी भागतं.

कोकणी ओटी
+१ चहाआधी. आणि पावसाळ्यात लॅबचे कान! पडके कान, आत दमट, मग तपकिरी मळ आणि आंबूस वास. भिजला की कान कोरडे करा, कापूस खोल घालू नका. सारखं डोकं झटकत असेल तर थेट डॉक्टर.

शेतावरून
फरशीबद्दल कुणी बोललं नाही. कारवानच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. शहाबादीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, मग पाण्याची गाठ येते. ती सुईनं उपसू नका, परत भरते आणि पू होतो. तीन-चार इंची फोमवर गोधडी घाला, गाठ लहान असेल तर तेवढ्यानंच बसते. थंडीत अंगावर झूल लागते.
भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. ग्रेहाऊंडसारखे हाऊंड थायोपेंटोन या भुलीच्या औषधातून फार उशिरा जागे होतात, म्हणून अशा अंगकाठीला दुसरं औषध निवडतात.

मोठं घर
आमच्याकडे वयस्कर मंडळी आहेत, त्यांच्यासाठी कोणता बरा?

हिरवी चौकट
@मोठं घर, लॅब प्रेमानंच अंगावर उडी मारतो, पण ३० किलोची धडक आजीला झेपणार नाही. पिल्लू असल्यापासून शिकवा: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावायचा, उडी मारली की पाठ फिरवायची. घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखं पाळलं तरच जमतं. कारवान घरात शांत पडून असतो, पण परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. पाहुण्यांचा राबता असेल तर त्याला निराळी खोली द्या.

जतचा वारा
आणि कारवान विकत घेताना ससा धरून दाखवा म्हणणारे लोक असतात, त्यांना कळकळीची विनंती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे. पिल्लाची चाल बघा, आईबाप बघा, एवढं पुरे.

वरणभात
खाण्याचं. लॅबची भूक खोटी असते असं म्हणतात, त्याला कारण आहे. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पोट भरल्याची खबर मेंदूला नीट जातच नाही. तेव्हा डोळ्यांकडे बघून वाढू नका, वाटीनं मोजा. वरून कमर दिसायला हवी, बरगड्या हाताला लागायला हव्यात. कारवानच्या मात्र मागच्या बरगड्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, तीच त्याची निरोगी ठेवण. शेजारी 'उपाशी ठेवता का' म्हणतील, म्हणू दे.
आंब्याच्या दिवसांत कोय! लॅब अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते. उलट्या, पोट घट्ट, शी बंद असं दिसलं तर रात्र काढू नका. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुकेही विषच.

चहाआधी
बाई गं, कोय!! आत्ता जाऊन बादलीला झाकण घालते.

फ्लॅट नं. नाही सांगत
सोसायटी लिफ्टला मनाई करते. लॅबला चार मजले चढवतोय, पाय लंगडतोय.

वरणभात
@फ्लॅट, फार वाईट वाटलं वाचून. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लिफ्ट नाकारू नये असंच आहे, त्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. आणि लंगडत असेल तर खुब्याचा एक्सरे काढाच, लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असणं बरंच आढळतं. नवीन पिल्लू घेणाऱ्यांनी आईबापांचे खुब्याचे एक्सरे मागावेत. वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका, पिल्लांच्या तयार खाण्यात ते असतंच. जास्त झालं की हाडं वाकडी वाढतात.

मांजरवाली
विषयाला सोडून आहे पण महत्त्वाचं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. घरात दोघं असतील तर पाकीट वाचून घ्या.

शेतावरून
@मांजरवाली ताई, बरं झालं लिहिलंत. पण गोचिडाचं औषध टाळूही नका कुणी. ताप, खाणं सोडणं, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडताप दोन्ही जातींना होतो.

मोठं घर
ठरलं, लॅबच. पिल्लू सहा आठवड्यांचं देतायत, घेऊ का?

हिरवी चौकट
नको. आठ आठवडे आईजवळ राहू दे, चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांतच शिकतं. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी. रेबीजची तीन महिन्यांचं झालं की. जंताचं औषध आत्ता दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा. मात्रा वजनावर असते, म्हणून दर वेळी आधी वजन करा.