मदत हवी आहे: सेव्ह होताना खराब झालेली डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडसारख्या प्रोग्राममधली ड्रॉइंगची) फाइल आणि माझ्या हातून गेलेली तिची बॅकअप प्रत

नमस्कार. मी फोंड्यात ड्राफ्टिंगचे काम करते. गेले पाच आठवडे फोंडा तालुक्यातील एका जुन्या चिऱ्याच्या घराची मोजणी करून त्याचे नकाशे काढत होते. पावसाआधी दुरुस्ती व्हावी म्हणून घराच्या मागच्या बाजूची कौले आता उतरवली आहेत आणि राजांगणाभोवतीचे (घराच्या मधल्या अंगणाभोवतीचे) कोरीव लाकडी खांबही काढून ठेवले आहेत. त्या भागाची मापे मी सुट्या कागदांवर घेतली होती आणि ड्रॉइंगमध्ये भरून झाल्यावर ते कागद जपले नाहीत. ती मापे आता फक्त या फाइलमध्ये आहेत.

मंगळवारी संध्याकाळी विजा चमकू लागल्या, म्हणून काम आवरते घेऊन मी सेव्ह केले. प्रोग्राम तिथेच अडकला, खिडकी पांढुरकी झाली आणि कर्सर नुसता फिरत राहिला. दहा मिनिटे मी कशालाही हात लावला नाही. तेवढ्यात वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने संगणक लगेच बंद पडला. वीज आल्यावर फाइल उघडेना, म्हणून रिकव्हर कमांड दिली. तेव्हा पुढच्या पडवीच्या भिंती, शीर्षकाची चौकट आणि काही तुटक मापरेषा एवढेच परत आले.

खरी हानी त्यानंतर झाली. त्या अर्धवट ड्रॉइंगवर मी सवयीने कंट्रोल-एस दाबले. सेव्ह करताना प्रोग्राम आधीच्या फाइलला बीएके हे विस्तारनाम देऊन बाजूला ठेवतो, हे मला माहीत होते. पण त्या क्षणी लक्षात आले नाही की त्यामुळे चांगल्या बीएके फाइलच्या जागी खराब झालेली फाइल जाऊन बसेल. दर दहा मिनिटांनी आपोआप जतन होणारी एसव्ही-डॉलर फाइल टेम्प फोल्डरमध्ये राहायला हवी होती. परंतु मी संगणक ज्यांच्याकडे दाखवायला नेला, त्यांनी काही पाहण्याआधी तो फोल्डर रिकामा केला. माझ्यासारख्या प्रसंगात सापडलेल्या कोणालाही मी कळकळीने सांगेन की संगणक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्या दोन्ही फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

आता हाती काय आहे ते सांगते. बीएके फाइलचा आकार 11.4 एमबी, म्हणजे नेहमीइतकाच आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडल्यावर पहिल्याच ओळीत ‘एसी1032’ ही अक्षरे शाबूत दिसतात, म्हणजे फाइल डीडब्ल्यूजीच्या 2018च्या स्वरूपातली आहे. साधारण एक तृतीयांशापर्यंत मजकूर आहे आणि तिथून शेवटपर्यंत ओळीने शून्ये आहेत. वीज अचानक गेली की एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फाइलचे नाव व आकार नोंदला जाऊनही आतला मजकूर डिस्कवर उतरायचा राहू शकतो; इथे तेच झाले असावे. डिस्क एसएसडी आहे. रिकव्हरीच्या एका प्रोग्रामने पुसलेल्या फाइलींची नावे दाखवली, पण त्या उघडल्यावर आत शून्येच निघाली. ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला मोकळी करायला सांगणाऱ्या सोयीमुळे) तो मार्ग बंद झाला, असे मी समजते. समज चुकीची असेल तर कृपया सांगावे, कारण डिस्क काढून ठेवली आहे आणि तिच्यावर नवे काही लिहिलेले नाही.

माझा मुख्य प्रश्न त्या उरलेल्या एक तृतीयांशाबद्दल आहे. या स्वरूपात माहिती संकुचित विभागांत असते आणि त्या विभागांची अनुक्रमणिका बहुधा शून्यांत गेली आहे. तिच्याशिवाय एकेक विभाग सुटा उलगडून त्यातल्या रेषा आणि ब्लॉक (एकत्र बांधलेल्या आकृत्या) बाहेर काढणे कोणी प्रत्यक्ष केले आहे का? केले असल्यास कोणत्या साधनाने?

दुसरा प्रश्न पीडीएफचा. अपघाताच्या पाच दिवस आधी काढलेला तळमजल्याचा 1:100 प्रमाणातला पीडीएफ माझ्याकडे आहे. तो व्हेक्टर आहे, कितीही मोठा केला तरी रेषा फाटत नाहीत. तो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) काढला होता, म्हणजे कागदावरचा एक ठिपका सुमारे 0.042 मिमी आणि प्रत्यक्ष घरात सुमारे 4 मिमी होतो. चिऱ्याच्या भिंतींसाठी एवढा फरक मला चालेल, कारण टेपने मोजतानाच तेवढा फरक पडतो. तो ड्रॉइंगमध्ये आयात केल्यावर लेयर (रेषांचे वेगवेगळे थर) टिकतात का, आणि जाड रेषांच्या जागी दुहेरी कडा येतात का, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. खांबांचे 1:10चे तपशील मात्र त्या पीडीएफमध्ये नाहीत आणि माझा जीव त्यांच्यातच अडकला आहे. त्यातला एक खांब वाळवीने खालून पोखरलेला होता. सुतार तो माझ्या नकाशावरून नव्याने घडवणार आहे.

बीएके फाइलची प्रत मी कोणालाही तपासायला पाठवू शकते. घरमालकांची परवानगी घेतली आहे.