मदत हवी आहे: सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये अल्कोहोल, अपघाती विम्याचा क्लेम नाकारला

चिंचपाणी:
दादा बाईक अपघातात गेला. सीए रिपोर्टात रक्तात इथिल अल्कोहोल 58 मिग्रॅ/100 मिली आलंय, म्हणून विमा कंपनीने क्लेम नाकारला. दादा प्यायचा नाही, गावात कुणालाही विचारा. लेखी उत्तरात काय लिहू? जरा लवकर सांगा, वहिनी रोज विचारतात.

अधिकउणे:
गाडी तेच चालवत होते का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 30 मिग्रॅ आहे. कठीण दिसतंय.

रानवारा:
पीएम (शवविच्छेदन) मृत्यूनंतर किती वेळाने झालं? रक्त कुठून घेतलं, हृदयातून की मांडीच्या शिरेतून?

सडेतोड:
आमचा पीत नव्हता असं सगळेच म्हणतात. माझ्या चुलत्याच्या वेळी आम्हीही कोर्टात गेलो, वकिलाची फी गेली ती गेलीच. मशीन खोटं बोलत नाही.

चिंचपाणी:
गाडी तोच चालवत होता. घाटाखाली ओढ्यात तिसऱ्या दिवशी सापडला, मे महिन्यात. पीएम ग्रामीण रुग्णालयात. याचा काय संबंध?

रानवारा:
सगळा संबंध इथेच आहे. देह कुजताना जंतू आणि यीस्ट शरीरातल्या साखरेचं इथिल अल्कोहोल करतात. उन्हाळ्यातले तीन दिवस म्हणजे त्यांना मोकळं रान. सडेतोड, मशीन अल्कोहोल किती ते सांगतं, कुठून आलं ते नाही. मधुमेह होता का?

चिंचपाणी:
हो, गोळ्या चालू होत्या.

रानवारा:
मग तेही लिहा. साखर जास्त तर जंतूंना खाद्य जास्त. पोलीस ठाण्यातून पीएम रिपोर्ट आणि लॅबला पाठवलेल्या पत्राची प्रत घ्या. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का ते बघा. ते नसेल तर बाटलीतही आंबणं चालू राहतं. डोळ्यातलं पाणी, म्हणजे व्हिट्रियस, घेतलं होतं का? तिथे जंतू उशिरा पोचतात. लघवीचा नमुना असेल तर तोही बघा, पण मधुमेह्याच्या लघवीत साखर असते, तीही आंबते.

पाटलीणबाई:
दारू सोडवायची असेल तर आमच्याकडे एक वैद्य आहेत, पत्ता देते.

चिंचपाणी:
ताई, माणूस गेलाय हो. तो पीतही नव्हता.

अधिकउणे:
म्हणजे 58 पूर्ण खोटं धरायचं का?

रानवारा:
नाही. एवढं अल्कोहोल नुसत्या कुजण्यातूनही होऊ शकतं, प्यायल्यानेही. एका नमुन्यावरून ठरत नाही. आणि पॉलिसीतला अपवाद दाखवून क्लेम नाकारायचा असेल तर तो सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची.

सडेतोड:
डॉक्टर हे लिहून देतील तेव्हा खरं. सरकारी माणूस सही करत नाही.

गस्तवाला:
त्या घाटात कठडाच नाही. आधी बांधकाम खात्यावर केस टाका.

रानवारा:
कठड्याचं नंतर. चिंचपाणी, पीएम रिपोर्टात 'कुजण्याची लक्षणे' या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दशः टाका. हरकतीत तोच रकाना उद्धृत करायचा आणि लॅबच्या रासायनिक विश्लेषकांचा खुलासा मागायचा. कंपनी तरीही हटली नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, पण नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत.

चिंचपाणी:
त्या रकान्यात लिहिलंय, 'पोट फुगलेले, कातडी सुटलेली, रंग हिरवट'. फ्लोराइडचा उल्लेख कुठेच नाही. लॅबच्या पत्राची प्रत मागायला उद्या पोलीस ठाण्यात जाते. अर्ज कुणाच्या नावे करायचा?